आत्याचा भोंगा

माझी आत्या बस स्टँडवर गाड्या पुकारायची. माईकसमोर बसून एका गाडीची वाटेतली सगळी गावं, सुटायची वेळ, फलाट आणि वर 'प्रवाशांनी धावपळ करू नये' एवढं सगळं ती एका दमात म्हणायची. मध्ये श्वास नाही की आवंढा नाही. लांब पल्ल्याच्या गाडीची गावं सुरू झाली की कँटीनमधली माणसं चहाचा कप तोंडाशी तसाच धरून ऐकत राहायची, की आज तरी बाईंचा दम तुटतो का. तो कधी तुटला नाही.

घरी मात्र ती अगदी कमी बोलायची. दिवसभराचा आवाज स्टँडवर खर्चून यायची, खुर्चीत पाय वर घेऊन बसायची आणि चहा हवाय हेसुद्धा बोटानं दाखवायची. बाबा तिचे धाकटे भाऊ. ते घरीच बसून छापखान्याची प्रुफं तपासायचे आणि त्यांना शांतता लागायची. आई पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. तिच्या मशीनचा आवाज होऊ नये म्हणून बाबा मशीनला इतकं तेल पाजायचे, की एकदा एका गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट तळल्यासारखा होऊन परत गेला.

तर असं आमचं शांत घर. आणि आमच्या राज्यात शांत घर असणं म्हणजे थोडी नामुष्कीच.

आमचं राज्य नकाशावर बोट ठेवून दाखवता येत नाही, कारण बोट ठेवलं की ते सगळंच बोटाखाली झाकलं जातं. पण एवढ्याशा जागेत गल्लीगणिक एक बँड आहे. घराघरात कुणी ना कुणी वाजवतं, जो वाजवत नाही तो गातो, आणि ज्याला दोन्ही जमत नाही तो बँडचा अध्यक्ष होतो. नवा शेजारी आला की 'कुठले तुम्ही?' हे नंतर, आधी 'काय वाजवता?' हे विचारतात. बाबा सांगायचे, "दुसऱ्याच्या दाराची कडी. तीही काम असेल तर."

आणखी एक न लिहिलेला नियम आहे. शेजाऱ्याच्या रियाजाबद्दल तक्रार करायची नाही. करणार कशी? आज तुम्ही त्याच्या ट्रम्पेटबद्दल बोललात, तर उद्या तो तुमच्या पोरीच्या व्हायोलिनबद्दल बोलेल. सगळ्यांचेच हात दगडाखाली. अख्ख्या गल्लीत हात मोकळे असलेला माणूस एकच, आमचे बाबा. ते हा हक्क मनसोक्त वापरायचे. खिडकी उघडून "अहो, जरा हळू!" असं ओरडायचे आणि गल्ली बिचारी ऐकून घ्यायची.

मग स्टँडवर यंत्र आलं. कुठल्यातरी दूरच्या शहरातल्या गोड गळ्याच्या मुलीचा आवाज त्यात भरलेला होता. ती गावांची नावं चुकीची म्हणायची, पण गोड म्हणायची. आत्याची बदली पार्सलच्या खोलीत झाली. तिथं खोकी आणि वजनकाटा. बोलायचं कुणाशी?

न वापरलेला आवाज मग घरी येऊ लागला.

"कुकरची तिसरी शिट्टी झालेली आहे," आत्या बाहेरच्या खोलीतून पुकारायची, "स्वयंपाकघरातील संबंधित व्यक्तींनी गॅस त्वरित बंद करावा." बाबा अंघोळीला गेले की, "बाथरूममधून बाहेर पडणारे भाऊसाहेब आज नियोजित वेळेपेक्षा उशिरा सुटतील. इतरांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." ती हे गमतीनं म्हणत नव्हती. आवाज आत साठला होता, तो तिला कुठंतरी सांडायला हवा होता.

"वन्संच्या तोंडाला काहीतरी काम द्या," आई बाबांना म्हणाली, "नाहीतर एक दिवस मी कात्रीनं कापड कापायची ते भलतंच काहीतरी कापीन."

ते काम पार्सल होऊन आलं.

आमच्या गल्लीच्या बँडचे मास्तर पोटापाण्यासाठी केस कापायचे. एका दुपारी ते आणि दोन हमाल मिळून पितळेचं एक अजस्र धूड पार्सलच्या खोलीत घेऊन आले. बँडचा ट्युबा. सगळ्यात मोठं, सगळ्यात खालच्या सुरातलं वाद्य. वाजवणारे होते बेकरीवाले काका. काकांनी कवळी बसवली आणि सगळं संपलं. फुंकर मारली की हवेच्या आधी कवळी आत जायची. दोनदा चिमट्यानं काढावी लागली. दुसरा कुणी ट्युबा घ्यायला तयार होईना, कारण वजन फार आणि कौतुक कमी. शेवटी परगावच्या एका हॉटेलानं तो विकत मागितला होता. त्यात माती भरून शोभेचं झाड लावणार होते.

"वस्तू चालू आहे का बंद?" आत्यानं विचारलं.

"आता काय, झाडच लावायचंय," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

"ते झाडाचं मला सांगू नका. चालू वस्तूचा दर वेगळा, बंदचा वेगळा." आत्या उठली, धुडाच्या तोंडाला तोंड लावलं आणि फुंकलं. नुसता फस्स आवाज आला.

"असं नाही," मास्तरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. "ओठ मिटून घ्या. घोडा कसा ओठ फुरफुरवतो, तसं करा आणि मग सोडा हवा."

आत्यानं घोड्यासारखं केलं.

त्यानंतर काय झालं ते स्टँडवर अजून सांगतात. छपरावरची सगळी कबुतरं एकदम उडाली. फलाटाला लागणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनं मागून ट्रक अंगावर आला समजून करकचून ब्रेक दाबला आणि उभे असलेले प्रवासी बसलेल्यांच्या मांडीवर जाऊन बसले. आवाज मात्र थांबेना. तो चाललाच होता. एक सूर, जाड, सरळ, मध्ये कुठे कापरं नाही.

मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

"बाई," ते म्हणाले, "हे पार्सल मी परत घेतो. पण तुमच्यासकट."

त्या संध्याकाळी ट्युबा आमच्या घरी आला. दारातून सरळ शिरेना, आडवा शिरेना. शेवटी आजारी माणसाला आणतात तसा तिरका करून, 'सांभाळून, सांभाळून' म्हणत आणला. बाबा हातातलं प्रूफ तसंच धरून बघत राहिले.

"ताई, हा भोंगा कुणाचा?"

"माझा."

"ठेवणार कुठं?"

सगळ्यांनी घरभर नजर फिरवली. पलंगाखाली जाईना, कपाटावर राहीना. शेवटी तो जेवणाच्या टेबलाशी पाचव्या खुर्चीवर बसला आणि तिथंच राहिला. पाहुणा आला की बाबा त्याला म्हणायचे, "तुम्ही जरा स्टूल घ्या. त्या खुर्चीवर आमच्या थोरल्या बहिणीचा भोंगा बसलाय."

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बायका आईला भेटायला येऊ लागल्या. "ऐकलं हं आम्ही! गोड बातमी! अखेर तुमच्याकडेही झालं काहीतरी!" एकीनं तर आईचा हात हातात घेऊन डोळे पुसले. समोरच्या ढोलवाल्यांनी बाबांना मिठी मारली आणि कानात म्हणाले, "आता खिडकीतून ओरडणं बंद बरं का, दादा." बाबांचा एकमेव हक्क गेला होता.

रियाज सुरू झाला. पहिले कित्येक आठवडे एकच सूर होता, 'भों'. मग त्याला खालचा एक भाऊ मिळाला. आत्या कामावरून आली की चहा घ्यायची आणि भोंगा मांडीवर घेऊन बसायची. भांड्यांच्या फळीवरचे पेले थरथरत पुढं पुढं सरकायचे. आई जाता येता ते मागं ढकलायची. मी तेव्हा नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. माझ्या तपासलेल्या वह्यांमध्ये बरोबरच्या खुणा सापासारख्या वळवळलेल्या असायच्या. पण एक गोष्ट झाली. आत्यानं कुकर आणि बाथरूम पुकारणं बंद केलं. ती पुन्हा बोटानं चहा मागू लागली.

मग बँडचा गणवेश आला. लाल कोट, सोनेरी झालर आणि काळी पँट. सगळं बेकरीवाल्या काकांच्या मापाचं, म्हणजे त्यात आत्या उभी राहून वर दोन पिशव्या मावल्या असत्या. आईनं तो उसवून नव्यानं बेतला. आत्यानं आयुष्यात कधी पँट घातली नव्हती. आतल्या खोलीत जाऊन घालून आली आणि आरशासमोर अवघडून उभी राहिली. हात कुठं ठेवावेत कळेना, ते खाली सरकले आणि खिशात गेले.

"अगं," ती म्हणाली, "हे किती खोल आहेत!"

तिनं खिशात चष्मा टाकला. रुमाल टाकला. स्टँडच्या किल्ल्या टाकल्या, एक सफरचंद टाकलं. मग गल्लीच्या टोकापर्यंत खिशात हात घालून चालत जाऊन आली.

"एवढी वर्षं सगळं हातात धरून हिंडले मी," परत येऊन ती जवळजवळ भांडायच्या सुरात आईला म्हणाली. "तू शिवणकाम करतेस ना? मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

आईनं त्या आठवड्यात तिच्या सगळ्या कपड्यांना खिसे लावून दिले.

इथवर सगळं ठीक होतं. मग संगीत संचालनालयाची पुस्तिका आली.

राज्यातल्या सगळ्या बँडांचा मेळावा दरवर्षी भरतो. त्या वर्षी मंत्री येणार होते, म्हणून संचालनालयानं राज्याच्या संगीताचा इतिहास सांगणारी एक पुस्तिका छापायला काढली. नाव होतं 'आमचा संगीत वारसा'. प्रुफं अर्थातच बाबांकडे. बाबा कानात कापूस घालून बसले. आतला प्रत्येक काना, प्रत्येक मात्रा त्यांनी चाळणीतून गाळावी तशी तपासली. शेवटी मुखपृष्ठ हातात घेतलं, आणि नेमकी तेव्हाच आत्याला नव्या धूनमधली अवघड जागा पहिल्यांदा जमली. ती जमली म्हणून तिनं पुन्हा वाजवली. आणि पुन्हा. बाबांनी वैतागून सही केली आणि प्रूफ पाठवून दिलं.

पुस्तिका छापून आली. मुखपृष्ठावर ठसठशीत सोनेरी अक्षरांत: 'आमचा संगीत वारा'.

एक 'स' गेला होता.

संचालकांचा फोन आला तेव्हा फोन मी उचलला होता, पण त्यांचा आवाज बाबांना खुर्चीत बसूनही ऐकू गेला. वारा! मंत्र्यांच्या हातात वारा देऊ का? गठ्ठेच्या गठ्ठे वाटून झालेत, आता एकेक 'स' हातानं लिहीत बसू का? यापुढं संचालनालयाचा कागद तुमच्या दाराशी येणार नाही!

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. ओरडलेही नाहीत, हे जास्त वाईट होतं. नुसते त्या मुखपृष्ठाकडे बघत बसले. "अख्ख्या पुस्तकात एक चूक नाही," ते म्हणाले. "एक अनुस्वार इकडचा तिकडे नाही. आणि टोपीच उडाली."

आत्यानं भोंग्याला गोधडीत गुंडाळलं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवून दिलं. मेळाव्याला दोन दिवस होते. मास्तर येऊन दारात बसले, त्यांनी अर्धवट केस कापलेलं गिऱ्हाईक दुकानात तसंच सोडलं होतं. आत्या म्हणाली, "माझ्या भावाची भाकरी गेली. मी वाजवणार नाही."

तेव्हा आई मशीनवरून उठली. आई सहसा कुणाच्या भांडणात पडत नाही, पण पडली की समोरच्याला उठायला वेळ लागतो.

"वन्सं, कोट कापून, बेतून, शिवून झालाय. कापलेलं कापड पुन्हा ठाणात जात नाही. तुम्ही जायचंय." मग बाबांकडे वळून, "आणि तुम्हीही चला. चूक केलीत ना? मग तोंड लपवून बसू नका, मागच्या रांगेत बसा."

मेळावा मैदानावर होता. सकाळचं कोवळं ऊन, चारी बाजूंना बँडच बँड आणि मध्ये मंडप. बाबा मागच्या रांगेत, पुस्तिका मांडीवर पालथी घालून बसले. पुढं संचालक रुमालानं मान पुसत होते.

मंत्र्यांचं लिहिलेलं भाषण गाडीत राहिलं होतं आणि गाडी पेट्रोल भरायला गेली होती. त्यांनी समोरची पुस्तिका उचलली, मुखपृष्ठ वाचलं आणि क्षणभर थांबले. संचालकांनी डोळे मिटून घेतले.

"वारा!" मंत्री म्हणाले. "वा! काय नाव दिलंय! बंधूंनो, भगिनींनो, आपल्या राज्यात काय आहे? खाण नाही. कारखाना नाही. समुद्रानं तर आपल्याकडे पाठच फिरवलीय. आहे काय? वारा आहे! आणि इतरांना वारा लागला की सर्दी होते, आपल्याला लागला की आपण तो वाजवतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मंत्र्यांना जोर चढला. फुंकर नसेल तर बासरी म्हणजे नुसता बांबू, श्वास आहे तोवर सूर आहे, असं बरंच काही ते बोलले. संचालकांनी हळूच एक डोळा उघडला. मग दुसरा. भाषण संपेपर्यंत त्यांचा चेहरा असा झाला होता, की जणू नाव त्यांनाच सुचलं होतं.

टाळ्या चालू असतानाच ते वाकत वाकत मागच्या रांगेत आले. "काय सुचवलंत हो!" बाबांचा हात हलवत म्हणाले.

"सुचवलं नाही," बाबा म्हणाले. "ती चूक आहे. 'स' राहिला."

"हळू बोला."

"चूक ती चूकच. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करा."

"अहो हळू बोला! पुढच्या वर्षाचं कामही तुमच्याकडेच पाठवतो, पण आता हळू बोला!"

बाबा नाराज दिसत होते. माफी मिळाली होती, तरी चूक मान्य होत नव्हती, याचं त्यांना जास्त लागलं.

मग आमच्या गल्लीचा बँड उभा राहिला. शेवटच्या रांगेत लाल कोटातली आत्या, आणि तिच्याभोवती पितळेचा वेढा. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, अजगरानं बाई गिळायला घेतलीय आणि बाई शांतपणे त्याची शेपटी चघळतेय. धून सुरू झाली. ट्युबाला म्हटलं तर काहीच काम नसतं, भों आणि भों. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की वरचे सगळे क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट नाचतात ते या भोंवर पाय ठेवून.

धूनच्या शेवटी सगळ्यांनी मिळून एक लांब सूर धरायचा होता. मास्तरांनी हात वर धरला आणि खाली केला. सगळे थांबले. आत्या थांबली नाही. तिनं डोळे मिटलेले होते.

टाळ्यांसाठी उठलेले मंत्री खाली बसले. सूर चालूच. मास्तरांचा हात खाली होता, त्यांनी तो आब राखत, जणू ठरलंच होतं अशा थाटात पुन्हा वर नेला. लोक हसायला लागले. मंत्री पुन्हा उठले आणि पुन्हा बसले. मग हसणं हळूहळू विरलं, कारण सूर अजून तसाच होता. मैदानाच्या कडेला उभे असलेले स्टँडवरचे ड्रायव्हर-कंडक्टर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ओरडू लागले, "तुटू देऊ नका, बाई!" आणि बाबा, आमचे बाबा, खुर्चीवर उभे राहिले.

आत्यानं डोळे उघडले, आजूबाजूला पाहिलं, लाजली आणि थांबली. सगळं मैदान एकदम उठलं.

परीक्षकांनी गुण कापले. 'शेवटी एकवाक्यता नाही' असा शेरा दिला आणि आम्हाला तिसरं बक्षीस मिळालं. बाबा परीक्षकांशी भांडायला गेले. त्यांना आईनं कोटाला धरून परत आणलं.

पण खरी भानगड पुढच्या आठवड्यात झाली. वरच्या गल्लीच्या बँडचे म्होरके, दाताचे डॉक्टर, आमच्याकडे चहाला आले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी आत्याला सरळ विचारलं, "आमच्याकडे येता का? आमच्याकडे ट्युबाला पट्टा आहे. सगळं वजन कमरेवर येतं, खांद्यावर काही नाही."

आत्याचा खांदा मेळाव्यापासून सुजला होता. ती म्हणाली, "विचार करते."

डॉक्टर जिना उतरताहेत तोवर बाबांचा स्फोट झाला. "विचार? विचार करतेस? आपल्या गल्लीचा बँड सोडून वरच्या गल्लीत?"

"पट्टा आहे त्यांच्याकडे."

"पट्ट्यासाठी माणूस इमान विकतो का, ताई?"

"खांदा तुझा आहे का माझा? आणि तुला रे कधीपासून गल्लीचा एवढा पुळका? तू तर भोंगा म्हणतोस त्याला!"

"ट्युबा!" बाबा ओरडले. "ट्युबा म्हणतात त्याला! आणि तो या घरातून कुठंही जाणार नाही!"

समोरच्या ढोलवाल्यांनी खिडकी उघडली. "अहो, जरा हळू!"

दोघं भावंडं भांडत असताना आईनं कपाटातून जुन्या सोफ्याचं जाड कापड काढलं. आत्याला उभं करून तिनं खांदा, पाठ आणि कमर मोजली. तिच्या कडेवर ट्युबा देऊन पुन्हा मोजली. दुसऱ्या दिवशी पट्टा तयार होता. आत कापसाची गादी, कमरेला बकल आणि बाजूला दोन खिसे. आत्यानं तो बांधून ट्युबा चढवला, घरात एक फेरी मारली आणि म्हणाली, "सांगा त्या डॉक्टरांना, नाही येत म्हणून."

डॉक्टर स्वतःच आले. पट्टा बघितला, उलटा करून बघितला, आणि जरा खाकरून आईला म्हणाले, "वहिनी, आमच्यासाठीही एक शिवाल का? नाही म्हणजे, आमचा जरा काचतो."

आईनं टेप उचलली.

तिथून जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. ढोलवाले आले, झांजवाले आले, दुसऱ्या टोकाच्या गावाहून एक अकॉर्डियनवाल्या आजी दोन बस बदलून आल्या. आता राज्यात असा बँड नाही ज्यात आईच्या हातचा एकतरी पट्टा नाही. आत्या निवृत्त झाली. दुपारी दोन मुलींना ट्युबा शिकवते, आणि पहिल्या दिवशी दोघींना घोड्यासारखं फुरफुरायला लावते. बाबा अजून प्रुफं तपासतात, पण आता गच्चीवर, छत्री लावून. वर जाताना ते आईला विचारतात, "आज कुणाचं माप आहे?"

आणि आई तोंडातल्या टाचण्या न काढता बोटानंच हवेत गोल काढून दाखवते: मोठ्ठा ढोल.